राणीची दुसरी प्रत

मंगळवार, ११ नोव्हेंबर १९८६. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दादरच्या एका लहानशा प्रोजेक्शन रूममधले दिवे मालवले गेले आणि चारशे फुटांचे रीळ यंत्रावर चढले. एवढे रीळ सुमारे साडेचार मिनिटे चालते. पहिल्या वीस सेकंदांतच माझ्या लक्षात आले की पडद्यावर दिसते आहे ते मी चित्रित केलेलेच नाही.

समुद्र दुधात पाणी घातल्यासारखा दिसत होता. मुरूडच्या किनाऱ्यावरचा तो काळाकभिन्न खडक राखेचा ढीग झाला होता. आणि खडकावर उभी असलेली मुलगी गव्हाळ होती.

"अहो राजाध्यक्ष!" निर्माते अण्णासाहेब शितोळे अंधारातच ओरडले. "ही तर चांगली उजळ हाय की! उगाच घाबरवलं मला. दिवे लावा, दिवे लावा. पेढे मागवा."

दिवे लागले. शितोळे फलटणकडचे. दोन तमाशापट आणि एक देवीचा चित्रपट काढून त्यांनी नाव कमावले होते आणि आता त्यांना लहान-थोर सगळ्यांना आवडेल असे काहीतरी काढायचे होते. त्यांच्या शेजारी दिग्दर्शक विश्राम राजाध्यक्ष रुमालाने चष्मा पुसत होते. मागच्या रांगेत कर्णिकबाई बसल्या होत्या. ज्या कादंबरीवर हा चित्रपट निघणार होता, ती 'मीठबेट' ही अद्भुत कादंबरी त्यांची. मुरूडच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याजवळ, पिशवी मांडीवर घट्ट धरून, मरियम खानजादे बसली होती. आणि मी, सापळे, छायाचित्रणकार. शासकीय तंत्रनिकेतनातला डिप्लोमा, वय तेव्हा चौतीस.

मरियम एकवीस वर्षांची होती. मुरूडच्या सिद्दी घराण्यातली. तिचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोकणात आले आणि इथलेच झाले. डी.एड.चे शेवटचे वर्ष चालू होते आणि राज्य नाट्यस्पर्धेत तिने अभिनयाचे प्रमाणपत्र मिळवले होते. नायिकेच्या भूमिकेसाठी कर्णिकबाईंनीच तिचे नाव सुचवले होते आणि हे रीळ मुरूडच्या किनाऱ्यावर घेतलेल्या तिच्या चाचणीचे होते. "माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी आहे," एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

कादंबरीतली मीठबेटाची राणी काळी आहे. नुसती सावळी नव्हे. 'कोळशाच्या पोटात ठिणगी निजावी तशी,' असे बाईंनी पहिल्याच पानावर लिहिले आहे. आणि तो रंग केवळ वर्णनापुरता नाही. उत्तरेकडून मिठाच्या पांढऱ्या भुतांचे सैन्य बेटावर चालून येते. त्या भुतांना फक्त उजेड आणि उजळ वस्तू दिसतात. नवव्या प्रकरणात राणी अमावस्येच्या रात्री, अंगावर एकही शस्त्र न घेता, त्यांच्या छावणीतून सरळ चालत जाते आणि त्यांचा मशालखांब विझवते. तिचा रंग हीच तिची ढाल. तो काढला तर गोष्टच उरत नाही.

"मुली, तुझं काम पक्कं," शितोळे मरियमकडे वळून म्हणाले. "घरी कळव. काय सापळे, जादूच केली तुमी!"

मी काही बोलण्याआधी मरियम उभी राहिली.

"साहेब, ही मी नाही."

"म्हंजे?"

"पडद्यावरची. ती मी नाही. माझ्या अम्मीला दाखवलीत तर ती विचारेल, ही कोणाची पोर?"

राजाध्यक्ष हसले. "अगं, पहिल्यांदा स्वतःला पडद्यावर पाहिलं की सगळ्यांना असंच वाटतं. मला तर माझा आवाज ऐकून उलटी आली होती."

"आवाज माझाच आहे, सर." ती माझ्याकडे वळली. "सापळेसर, तो खडक असा होता का?"

मला थेट प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे थेट उत्तर होते. "नाही," मी म्हणालो. "खडक काळा होता. छपाई चुकली आहे."

मग मला ते समजावून सांगावे लागले. कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून प्रयोगशाळेत जी प्रत छापतात, ती किती उजळ वा गडद ठेवायची हे तिथला माणूस ठरवतो. त्याला खूण मिळावी म्हणून मी प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला एक करडा पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरतो. तो पुठ्ठा नीट करडा आला की बाकीचे सगळे आपोआप खरे येते. कुणीतरी तो भाग कोरा समजून कापून टाकला असावा. मग त्या माणसाने चेहरा पाहिला आणि चेहऱ्यावरून ठरवले.

शितोळ्यांनी हे सगळे फार लक्षपूर्वक ऐकून घेतले. ते अडाणी नव्हते. साखर कारखान्याची यंत्रे त्यांनी स्वतः उभी राहून बसवून घेतली होती.

"म्हंजे नुसतं छापताना पोरीला उजळ करता येतंय?"

"येतं."

"पावडर न्हाई, रंग न्हाई, काय न्हाई?"

"नाही."

"मग सगळा पिक्चर असाच छापा की!"

"अण्णासाहेब, तसं केलं तर बाकीची पात्रं भाजून निघतील. त्यांचे चेहरे पांढरेफटक होतील."

"गोरी दिसतील! बिघडलं कुठं?"

राजाध्यक्षांनी घसा खाकरला. ते सभ्य गृहस्थ होते आणि सभ्य माणसांप्रमाणे मधला मार्ग शोधत होते. ते म्हणाले, फक्त मरियमचे जवळचे शॉट तेवढे वेगळे छापता येतील, लांबच्या शॉटमध्ये कोण बघते.

 कर्णिकबाईंनी छत्रीचे टोक जमिनीवर टेकवले. "आधी योग्य प्रत काढा. जे चित्रित केलं ते पाहू आणि मग बोलू. तपासल्याशिवाय उत्तरपत्रिकेवर मार्क देत नाहीत, अण्णासाहेब."

शुक्रवारी पुन्हा जमायचे ठरले. निघताना मरियमने विचारले, "अम्मीला आणू का?"

"आण की," शितोळे म्हणाले. "आईच्या तोंडून हो ऐकलं म्हंजे करार पक्का."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो. छपाईचा प्रकाश ठरवणारे डिमेलो हे वसईचे, पन्नाशीचे, शिसवासारख्या तुळतुळीत रंगाचे गृहस्थ होते. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक नमुन्याचे छायाचित्र लावलेले होते : भुऱ्या केसांची, गुलाबी गालांची एक परदेशी तरुणी. फिल्म बनवणारी कंपनीच ते पाठवत असे. दर सकाळी डिमेलो आधी तिचा चेहरा यंत्रावर नीट जुळवून घेत आणि मग आपल्या लोकांच्या चित्रपटांकडे वळत.

"सापळेसाहेब, तुमची अब्रू वाचवली मी," मला पाहताच ते म्हणाले. "एक्स्पोझर एवढं चुकलं होतं तुमचं! पोरगी पार अंधारात. मी छपाईचा प्रकाश उतरवत उतरवत तिला वर काढली."

छपाईत हिशेब उलटा असतो. प्रकाश कमी केला की चित्र उजळते.

"डिमेलो, एक्स्पोझर बरोबर होतं. मुलगी तशीच आहे."

त्यांनी निगेटिव्ह पुन्हा काचेवर धरली. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी भिंतीवरच्या तरुणीकडे पाहिले आणि नंतर, का कोण जाणे, स्वतःच्या मनगटाकडे.

"सव्वीस वर्षं झाली मला इथं," ते म्हणाले. "अशी हिरॉइन कधी आली नाही ना, साहेब. मला वाटलं, चूकच असणार."

योग्य प्रत त्यांनी स्वतः बसून छापली आणि तिथल्याच पडद्यावर एकदा चालवून पाहिली.

शुक्रवारी झुलेखाबी, मरियमची आई, काळ्या बुरख्याचा पडदा मागे टाकून दारात उभ्या राहिल्या. उंच, ताठ, मुलीपेक्षाही गडद. कर्णिकबाईंना पाहताच त्या वाकल्या.

"बाई, तब्येत कशी आहे?"

"चाललंय. तू किती वाळलीस, झुलेखा."

"तुम्ही शाळेतही हेच म्हणायचात. डबा आणलास का, म्हणून रोज तपासायचात."

दोघी शेजारी बसल्या. दिवे मालवले.

या वेळी समुद्र निळा-काळा होता आणि त्याच्यावर संध्याकाळचा शेवटचा तांबूस पट्टा होता. खडक ओला होता. आणि त्या खडकातूनच कोरून काढल्यासारखी, पण त्याच्याहून जिवंत, मरियम उभी होती. बाजूने येणारा प्रकाश मी तिच्या गालाच्या हाडावर, खांद्यावर आणि मनगटावर असा उतरवला होता, की जिथे प्रकाश टेकला तिथे त्वचा तांब्यासारखी पेटत होती आणि जिथे नव्हता तिथे रात्र सुरू होत होती. ती कॅमेऱ्याच्या दिशेने सहा-सात पावले चालत आली आणि राणीचे वाक्य म्हणाली :

"रात्रीला मी भीत नाही. ती माझ्या माहेरची आहे."

रीळ संपले. पडद्यावर नुसता पांढरा उजेड फडफडत राहिला. यंत्रावरचा आमचा नामदेव, जो चित्रपट चालू असताना विडी वळत बसायचा, तो खिडकीला नाक लावून उभा होता. दिवे लावायचे त्याला सुचले नाही. राजाध्यक्षांना ओरडून सांगावे लागले.

शितोळ्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"देवी हाय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तुळजापूरला गाभाऱ्यात उभं राहिल्यागत झालं मला."

मरियमचे डोळे भरून आले. तिने आईचा हात धरला. मला वाटले, झाले. काम झाले.

"पण," शितोळे म्हणाले, आणि टोपी पुन्हा डोक्यावर गेली. "मला वाटून काय होतंय? पोस्टर भिंतीवर लागतं, माझ्या मनात न्हाई. वितरक पहिला प्रश्न काय विचारतो? हिरॉइन कोण. आणि दुसरा? फोटो दाखवा."

"वितरकांनी कादंबरी वाचली आहे का?" बाईंनी विचारले.

"बाई, वितरकानं वर्तमानपत्रसुदीक वाचलेलं नसतंय."

"मग नवव्या प्रकरणाचं काय करणार? उजळ राणी भुतांच्या छावणीत शिरली की पहिल्याच पावलाला सापडेल."

"घोंगडी पांघरेल की!"

झुलेखाबी तोंडाला बुरख्याची कड लावून हसल्या. राजाध्यक्षही हसले. फक्त बाई हसल्या नाहीत.

शितोळे खुर्ची वळवून मरियमसमोर बसले. त्यांचा स्वर मायेचा होता. त्यात बनवाबनवी नव्हती, असे मला आजही वाटते. "हे बघ पोरी. तुझ्यात गुण हाय. मला तू सोडायची न्हाई. दोन वाटा सांगतो. राणी व्हायचं असंल तर मंगळवारी बघितली तशी छापू. सापळे सांगतील ते यंत्र, सांगतील तो खर्च करीन. आणि तुला तुझ्याच रंगात यायचं असंल, तर भुतांची मावशी हाय ना गोष्टीत, खारजखीण? राणीच्या तोडीचा रोल हाय. ह्या फिल्ममधल्यासारखी नुसती चालत आलीस ना, तर थिएटरात पोरं आयांच्या कुशीत शिरतील."

 मरियम खाली पाहत होती. तिला हे काम किती हवे होते, ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. कादंबरी तिला तोंडपाठ होती. या चाचणीसाठी तिने परीक्षेचे पाठ पुढे ढकलले होते आणि त्यावरून प्राचार्यांची बोलणी खाल्ली होती. ती उठून निघून जाईल असे मला वाटले होते. पण ती विचार करत होती.

"उजळ छापलीत," ती सावकाश म्हणाली, "तरी आवाज माझाच राहील ना?"

शितोळ्यांनी राजाध्यक्षांकडे पाहिले. राजाध्यक्षांनी जमिनीकडे.

"आवाजाचं काय आहे, मरियम," राजाध्यक्ष म्हणाले, "तुझं बोलणं गोड आहे, पण जरासं... मुरूडकडचं आहे. राणीचा आवाज पुण्यात डब करून घेऊ. सगळेच करतात."

"रंग माझा नाही. आवाज माझा नाही. मग राणीत माझं काय राहिलं, सर?"

"चाल," शितोळे मनापासून म्हणाले. "चाल लई झकास हाय तुझी."

मरियमला हसू आले. खरोखरचे हसू आले आणि ते मध्येच तुटले. तिने आईच्या खांद्यावर कपाळ टेकले.

झुलेखाबींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कर्णिकबाईंकडे न पाहता, समोरच्या कोऱ्या पडद्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हाला आठवतं? सहावीत होते मी. स्नेहसंमेलन."

"आठवतं," बाई म्हणाल्या.

"मला वनदेवी व्हायचं होतं. माझं पाठांतर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. तुम्ही मला राक्षसीण केलंत. म्हणालात, झुलेखाला रंग लावायला नको, तेवढाच काजळाचा खर्च वाचेल. सगळा वर्ग हसला. मीपण हसले. सातवीत परत राक्षसीण. आठवीत परत."

"झुलेखा."

"मी तक्रार नाही करत, बाई. शाळेत माझ्यावर तुमच्याइतकी माया कोणी केली नाही. पण तिन्ही वर्षं टाळ्या पडल्या आणि तिन्ही वर्षं घरी जाताना रस्त्यात पोरं ओरडली, आली रे आली, राक्षसीण आली. माझं लग्न होईपर्यंत ओरडत होती."

बाईंच्या हातातली छत्री खाली पडली. ती उचलायला कोणी वाकले नाही.

"म्हणून तर लिहिलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला क्षणभर ओळखू आला नाही. "आणखी कशासाठी लिहिलं असेल? मी काही लेखिका नव्हते. नकाशे शिकवणारी बाई मी. एक दिवस वह्या तपासताना तुझा चेहरा आठवला आणि मला झोप येईना. वीस वर्षं उशीर झाला होता. दुसरं काय करता येण्यासारखं होतं?"

"मला माहीत होतं, बाई," झुलेखाबी म्हणाल्या. "मरियमला वाचून दाखवत होते. पहिल्या पानावरच कळलं की राणी कोण आहे. तिथंच पुस्तक मिटून मी थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसले."

शितोळे अस्वस्थ झाले होते. ते कठोर नव्हते आणि रडणाऱ्या बायका त्यांना सोसत नसत. "ताई," ते झुलेखाबींना म्हणाले, "आता तुमीच सांगा. पोरीनं काय करावं?"

"माझी पोर आहे, पण तोंड तिचं आहे."

मरियमने मान वर केली. तिने पिशवीतून कादंबरीची प्रत काढली, जागोजागी खुणा केलेली, आणि ती राजाध्यक्षांच्या हातात दिली, कारण तालमीसाठी ती त्यांनीच तिला दिली होती.

"खारजखीण अम्मीनं तीन वर्षं केली आहे, साहेब. आमच्या घरी तेवढी पुरे," ती म्हणाली. "आणि राणी म्हणून तुम्हाला मंगळवारची मुलगी हवी आहे. ती कुठं राहते, मला माहीत नाही. तिला शोधा."

मग ती माझ्यापाशी आली. "सापळेसर, आजची प्रत फार छान आली. डिमेलोसाहेबांनाही सांगा."

मायलेकी आणि बाई अशा तिघी जिना उतरून गेल्या. बाईंची छत्री मी नंतर पोस्टाने पाठवून दिली.

शितोळ्यांनी चित्रपट काढला. हक्क त्यांनी रीतसर विकत घेतलेले होते आणि बाईंना तो थांबवता येणार नव्हता. त्यांनी फक्त आपले नाव काढून घ्यायला लावले. श्रेयनामावलीत 'एका लोकप्रिय कादंबरीवरून' एवढेच आहे. राणीचे काम पुण्याच्या एका गोऱ्या, गुणी मुलीने केले आणि खारजखिणीसाठी दुसऱ्या एका गोऱ्या मुलीला रोज सकाळी दोन तास काळा रंग लावावा लागे. दुपारपर्यंत तो घामाने मानेवर ओघळायचा. नवव्या प्रकरणात घोंगडी आहे. चित्रण मी केले. चित्रपट चांगला चालला आणि सुट्टीत शाळांनी मुलांच्या रांगा करून तो दाखवायला नेले. त्यात मुरूडचीही शाळा होती, असे मला मरियमच्याच पत्रातून कळले. ती तोवर तिथे शिक्षिका झाली होती आणि मुलांना थिएटरात घेऊन जाणे हे तिच्या कामात येत होते. 'घोंगडीच्या वेळी मुलं खूप हसली,' असे तिने लिहिले होते. बाकी पत्र चौथीच्या वर्गाबद्दल होते.

कर्णिकबाई ८९ साली गेल्या. झुलेखाबी त्यांना शेवटचे सहा महिने दर आठवड्याला डबा घेऊन भेटायला जात असत.

पुढे प्रयोगशाळेचे गोदाम रिकामे करायची वेळ आली, तेव्हा मी त्या रिळाची चौकशी केली. जे चित्रपट प्रदर्शित झाले होते त्यांच्या निगेटिव्ह ठेवल्या होत्या. चाचण्यांचे डबे वजनावर भंगारात गेले होते, निगेटिव्ह आणि दोन्ही प्रती. नोंदवहीत बारीक अक्षरांत फक्त 'चाचणी, काळी मुलगी' असे होते आणि त्यावर लाल रेघ मारलेली होती.

चित्रपटगृहांत तो चित्रपट किती लाख लोकांनी पाहिला, हे शितोळ्यांच्या वारसांना ठाऊक असेल. मीठबेटाची राणी बाईंनी लिहिली तशी पडद्यावर पाहणारे मला नावानिशी मोजता येतात. शितोळे, राजाध्यक्ष, कर्णिकबाई, झुलेखाबी, मरियम, नामदेव, डिमेलो आणि मी. एकूण आठ.